छोटा कॅमेरा घेताना

कोणतीही वस्तू विकत घेताना माणूस प्रथम आकडा पाहतो. घड्याळात खडे किती, सायकलीला गिअर किती, पंख्याला पाती किती, हे विचारून झाल्यावर मग घड्याळ वेळ बरोबर दाखवते की नाही हा प्रश्न सुचतो. आणि पुष्कळदा तो विचारावयाचा राहूनच जातो. या सवयीची आठवण आम्हांस यंदा मधल्या सुट्टीत झाली. दहावीच्या वर्गातील एक विद्यार्थी शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी येऊन म्हणाला, "सर, रोलचा छोटा कॅमेरा घ्यायचा आहे. थोडे पैसे मी साठवलेत, थोडे काका घालणार आहेत. दुकानात दोन आहेत. एकाचा झूम ३८ ते ७० आहे, दुसऱ्याचा ३८ ते १४०. दुसराच घ्यावा ना?" घंटा झाल्यामुळे त्या वेळी आम्ही त्यास 'घाई करू नकोस' एवढेच सांगू शकलो. उरलेले उत्तर येथे लिहीत आहोत. कारण हा छंद अलीकडे आमच्या शाळेतील बऱ्याच मुलामुलींना लागलेला दिसतो, आणि त्यांचे पालकही आम्हांस याविषयी विचारतात.

हा प्रश्न वाचून कोणी हसेल. घरोघरी फोन आहेत व फोनमध्ये कॅमेरे आहेत. मग रोलचा कॅमेरा हवाच कशाला? फोनला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. नोंद ठेवण्यास, दूरच्या नातलगांस लगेच चित्र पाठविण्यास त्यासारखे साधन नाही. परंतु एका रोलमध्ये चित्रे ३६च असतात, आणि शेवटचे काढून रोल धुऊन येईपर्यंत पहिले कसे आले हे कळत नाही. या मर्यादेमुळे मूल कळ दाबण्यापूर्वी क्षणभर थांबते, समोर पाहते, आणि मग ठरविते. ते थांबणे आम्हांस मोलाचे वाटते. मात्र याच मर्यादेमुळे अशा कॅमेऱ्याची निवड अधिक विचाराने करावी लागते. फोन चुकला तर ते तत्काळ दिसते व चित्र पुन्हा काढता येते. रोलचा कॅमेरा चुकला तर ते महिन्यांनी समजते. तोवर प्रसंग निघून गेलेला असतो. कधी कधी माणूसही निघून गेलेला असतो.

हे आम्ही अनुभवाने लिहीत आहोत. नऊ-दहा वर्षांपूर्वी आम्हीही असाच एक जुना कॅमेरा घेतला, आणि घेताना झूमचा आकडा तेवढा पाहिला. त्या वर्षी चवथीला फोंडा तालुक्यातील आमच्या मूळ घरी सारे कुटुंब जमले होते. आमच्या आजोबांना फोटो काढून घेण्याची मुळीच हौस नव्हती. त्या दिवशी मात्र पूजा आटोपल्यावर ते आपण होऊन धुतलेला सदरा घालून बाहेर आले व दाराच्या एका बाजूच्या सोप्यावर बसले. दुसऱ्या बाजूच्या सोप्यावर आजी बसली. मधे उघडे दार होते, आणि दारातून आतील राजांगणाच्या उजेडात पलीकडच्या भिंतीवरची दिनदर्शिका दिसत होती. आम्ही अंगणात उभे राहून झूम पुरता लांबविला, दोघांना चौकटीत बरोबर दोहों बाजूंस बसविले व कळ दाबली. रोल पुरा व्हायला नाताळ उजाडला. आजोबा त्याआधी कार्तिकातच गेले. चित्र हाती आले तेव्हा भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील महिन्याचे नाव स्वच्छ वाचता येत होते, आणि दोन्ही बाजूंचे चेहरे धुक्यात असावे तसे पुसट होते. आजीने चित्र डोळ्यांजवळ नेले, दूर धरले, आणि म्हणाली, "म्हयनो बरो दिसता पुता, आमी मात दिसनात."

त्या दिवशी आम्ही कॅमेऱ्यास दोष दिला. पुढे त्याची माहितीपुस्तिका मिळवून वाचली, तेव्हा आमची चूक त्या पुस्तिकेच्या आरंभीच्या पानांवर चित्रासह समजावून दिलेली आढळली. दोष यंत्राचा थोडा होता, आमचा पुष्कळ होता. म्हणून यंत्र अंतर कसे ओळखते हे प्रथम सांगतो. ज्याला हे कळले त्याची निम्मी निवड झाली.

भिंग आपल्या जागेवरून किंचित पुढेमागे सरकले की वेगवेगळ्या अंतरांवरच्या वस्तू स्पष्ट दिसतात. पूर्वी हे काम हाताने करावे लागे. सन १९७७ मध्ये कोनिका कंपनीने सी ३५ एएफ नावाचा छोटा कॅमेरा बाजारात आणला. अंतर स्वतः मोजून भिंग स्वतः सरकविणारा, मोठ्या संख्येने तयार झालेला तो पहिला कॅमेरा होय. दोन वर्षांनी, १९७९ मध्ये, कॅननचा एएफ ३५ एम आला. या दोहोंच्या पद्धती वेगळ्या होत्या, आणि पुढील बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांत या दोहोंपैकी एखादी पद्धत आढळते. कॅननचा कॅमेरा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त किरण समोर सोडी. तो वस्तूवर आपटून परत येई, आणि कोणत्या कोनातून परत आला यावरून अंतर ठरे. ही पद्धत अंधारातही चालते. परंतु मधे खिडकीची काच आली तर किरण काचेवरूनच परतण्याचा संभव असतो, आणि मग बसमधून काढलेल्या डोंगराऐवजी काचेवरचे थेंब स्पष्ट येतात. काळ्या मखमलीसारखी वस्तू किरण गिळून टाकते. दुसऱ्या पद्धतीत, जी कोनिकाने वापरली, किरण सोडला जात नाही. दोन छोट्या खिडक्यांतून दिसणारी दोन प्रतिबिंबे यंत्र एकमेकांशी ताडून पाहते. तिला काचेची अडचण कमी. परंतु ताडण्यासाठी काही रेषा, काही उजेड-काळोखाचा फरक लागतो. कोऱ्या पांढऱ्या भिंतीपुढे किंवा मंद दिव्यात ती गोंधळते. दिनदर्शिकेच्या ठळक अक्षरांवर ती किती चटकन स्थिरावते हे आम्ही पाहिलेच आहे.

पद्धत कोणतीही असो, साधा कॅमेरा अंतर मोजतो ते चौकटीच्या मध्यभागी जे असेल त्याचे. दोन माणसांच्या मधे मोकळी जागा असली की तो त्या जागेतून पाहून मागच्या भिंतीचे अंतर घेतो. चेहरा कोणता व भिंत कोणती, यांतील कोण आपले, हे त्याला ठाऊक नसते. यावरचा उपाय कॅमेरा करणाऱ्यांनी फार पूर्वीच देऊन ठेवला आहे. प्रथम एका माणसाचा चेहरा चौकटीच्या मध्यावर धरावा, कळ अर्धी दाबावी, ती तशीच धरून चौकट पुन्हा हवी तशी जुळवावी, आणि मग कळ पूर्ण दाबावी. कळ अर्धी असेतो मोजलेले अंतर बदलत नाही. एवढी एक गोष्ट आम्हांस त्या चवथीला ठाऊक असती तर आमच्या घरातील एक चित्र निराळे आले असते.

तेव्हा विद्यार्थिमित्रांनो, फोकसच्या बाबतीत दुकानात पुढील गोष्टी पाहाव्यात. अर्ध्या कळेने अंतर धरून ठेवता येते की नाही, ही पहिली. एकाच मध्यबिंदूऐवजी तीन किंवा अधिक बिंदूंवर अंतर मोजण्याची सोय आहे का, ही दुसरी. अशा कॅमेऱ्यात दोन माणसांमधली जागा सहसा फसवीत नाही. काचेतून किंवा दूरचे दृश्य काढण्यासाठी डोंगराचे चिन्ह असलेली वेगळी कळ आहे का, ही तिसरी. चौथी आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. वस्तू फार जवळ असली किंवा अंतर कळले नाही, तर डोळ्यापाशी असलेला हिरवा दिवा लुकलुकून तसे सांगतो का? एक हात अगदी भिंगाजवळ धरून कळ अर्धी दाबली की हे दुकानातच समजते. जे यंत्र आपल्याला न कळलेले न कळल्याचे सांगते, त्यावर विश्वास टाकता येतो. मुकाट्याने चुकणारे यंत्र कितीही देखणे असले तरी परत ठेवावे.

आता झूमकडे वळू. छोट्या कॅमेऱ्यात झूम प्रथम आला तो १९८६ मध्ये, पेंटॅक्सच्या झूम ७० या कॅमेऱ्यात. त्याचा पल्ला ३५ ते ७० मिलिमीटर होता. झूम निरुपयोगी आहे असे आमचे म्हणणे नाही. स्नेहसंमेलनात आपल्याला रंगमंचावर चढता येत नाही, पालखीच्या गर्दीत पुढे जाता येत नाही. शिवाय चेहरा फार जवळून, रुंद भिंगाने काढला तर नाक मोठे व कान लहान दिसतात. दोन-तीन हात मागे सरून ७०च्या आसपासच्या भिंगाने काढलेला चेहरा सौम्य व खरा दिसतो. म्हणून थोडा झूम असावा. प्रश्न १४०चा आहे, आणि त्याचे उत्तर गणिताच्या तासाला देण्याजोगे आहे.

छोट्या कॅमेऱ्याचे भिंग लांब होत जाते तसे त्यातून आत येणारा प्रकाश कमी होत जातो. ऑलिंपसच्या म्यू झूम १४० या कॅमेऱ्याचे उदाहरण घ्या. ३८ला त्याचे छिद्र एफ/४ असते. १४०ला ते एफ/११ होते. हा आकडा वाढला की प्रकाश त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. अकरास चाराने भागून येणाऱ्या संख्येचा वर्ग केला तर सुमारे साडेसात येतो. म्हणजे फिल्मवर पडणारा प्रकाश सुमारे साडेसातव्या हिश्श्यावर येतो. दुसरीकडे, भिंग जितके लांब तितका हाताचा कंप चित्रात अधिक मोठा दिसतो. जुना नियम असा की, भिंगाची लांबी जितके मिलिमीटर, निदान सेकंदाच्या तितक्याव्या भागात चित्र उरकावे. ३८ला एक चाळीसांश सेकंद चालतो. १४०ला एक एकशेचाळिसांश हवा. म्हणजे वेळही साडेतीन पटींहून कमी. साडेसातास साडेतिनाने गुणा. ३८ला ज्या उजेडात चित्र हाताने नीट काढता येते, त्याच्या पंचवीसपटींहून अधिक उजेड १४०ला असला तर तेवढ्याच खात्रीने काढता येईल! भर दुपारी समुद्रकिनारी हे जमेल. आमच्या श्रावणात, कौलारू घराच्या पडवीत, देवळाच्या सभामंडपात ते कसे जमावे?

'फ्लॅश आहे की' असे कोणी म्हणेल. फ्लॅशचा पल्लाही त्याच छिद्रावर अवलंबून असतो. इतर गोष्टी समान धरल्या तर एफ/४ला चार मीटरपर्यंत पोहोचणारा फ्लॅश एफ/११ला दीड मीटरसुद्धा गाठत नाही. माणूस दूर आहे म्हणून झूम लांबवावा, आणि झूम लांबविला म्हणून फ्लॅश दूर पोहोचू नये, असा हा पेच आहे. त्यातून थोडी वाट निघते ती अधिक वेगवान फिल्मने. १०० ऐवजी ४०० आयएसओची फिल्म घातली तर प्रकाशाची गरज चौथाईवर येते व फ्लॅशचा पल्ला दुप्पट होतो. झूमच्या छोट्या कॅमेऱ्यात आम्ही नेहमी ४००चीच फिल्म घालतो. फिल्मच्या डबीवर चंदेरी-काळे चौकोन असतात. १९८३ पासून रूढ झालेल्या या खुणांवरून कॅमेरा फिल्मचा वेग आपणच वाचतो. त्या खुणा नसलेली फिल्म घातली तर बरेच छोटे कॅमेरे ती १००चीच समजून चालतात, हेही ध्यानात असावे.

यावरून आमचे मत उघड आहे. दोन कॅमेऱ्यांत फोकस सारख्याच भरवशाचा असेल, तर लहान पल्ल्याचा घ्यावा. ७० ते ९० पर्यंतचा झूम शाळकरी मुलाला पुरेसा आहे. उरलेले अंतर पायांनी कापावे. जवळ जाण्यात आणखीही एक लाभ आहे. ज्याचे चित्र काढावयाचे त्याला 'काढू का?' असे विचारावे लागते, दोन शब्द बोलावे लागतात, आणि मग त्याच्या चेहऱ्यावर जे येते ते वीस पावलांवरून चोरून काढलेल्या चित्रात येत नाही.

नाव कोणते घ्यावे असेही मुले विचारतात. नावाच्या मागे फार लागू नये. एकच कॅमेरा देशोदेशी निरनिराळ्या नावांनी विकला गेला आहे. कॅननचा 'ऑटोबॉय' अमेरिकेत 'शुअर शॉट' होतो, पेंटॅक्सचा 'एस्पियो' तिकडे 'आयक्यू झूम' होतो. एखाद्या नावाची चलती झाली म्हणून त्याची किंमत चढते, आणि शेजारी पडलेला तितकाच चांगला कॅमेरा कोणी पाहत नाही. नवा कॅमेरा घ्यावा म्हटले तर २०२४ मध्ये पेंटॅक्स १७ आला, पण त्यात झूमही नाही आणि स्वयंचलित फोकसही नाही. त्याच वर्षी आलेल्या रोलाय ३५ एएफमध्ये फोकस आपोआप होतो, पण झूम नाही. ज्याला दोन्ही हवे त्याला जुन्या बाजाराचीच वाट धरावी लागते. खुद्द कोनिका, जिने ही वाट पाडली, ती मिनोल्टाशी एक झाल्यावर २००६ मध्ये कॅमेऱ्यांच्या धंद्यातूनच बाहेर पडली. जुन्या कॅमेऱ्यांचे सुटे भाग मिळणे कठीण झाले आहे. म्हणून दुरुस्त होईल या भरवशावर मोडका कॅमेरा स्वस्तात घेणे म्हणजे पैसे पाण्यात टाकणे होय.

जुना कॅमेरा पाहताना आपल्या हवेचा विचार अवश्य करावा. गोव्या-कोकणच्या पावसाळ्यात कपाटातील पुस्तकांना जसा वास येतो, चपलांवर जशी पांढरी साय धरते, तशीच भिंगावर बुरशी धरते. विजेरीचा उजेड तिरका टाकून भिंगाकडे पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर कॅमेरा घेऊ नये. सेलचे झाकण उघडून आत हिरवा-पांढरा थर आहे का ते पाहावे. नळी दोन-चार वेळा पुरती बाहेर काढून आत घ्यावी. ती अडखळता कामा नये. अशा कॅमेऱ्यांना लागणारा तीन व्होल्टचा लिथियम सेल गावच्या दुकानात सहसा मिळत नाही, तेव्हा सहलीला निघण्यापूर्वी एक जास्तीचा जवळ ठेवावा. घरी आणल्यावर कॅमेरा चामड्याच्या पिशवीत कोंडू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावा, आणि पावसाळ्यातही अधूनमधून बाहेर काढून वापरावा. एक गोष्ट मात्र निक्षून सांगतो. बंद पडलेला कॅमेरा कोणीही घरी उघडू नये. फ्लॅशसाठी आत साठविलेली वीज सुमारे ३०० व्होल्टची असते, आणि सेल काढल्यावरही ती बराच काळ शिल्लक राहू शकते.

घेतलेल्या कॅमेऱ्याचा पहिला रोल समारंभात वापरू नये. तो परीक्षेसाठी ठेवावा. वही घेऊन बसावे आणि प्रत्येक चित्राचा क्रमांक, अंतर, झूम कोठवर होता, उजेड कसा होता, हे लिहावे. एक मित्र दोन मीटरवर, मग चार मीटरवर, मग सहा मीटरवर उभा करावा. दोन मित्र मधे जागा सोडून उभे करावेत. एकदा कळ सरळ दाबावी, एकदा अर्धी धरून. एक चित्र खिडकीच्या काचेतून काढावे, एक संध्याकाळी पडवीत. रोल धुऊन आला की वही शेजारी ठेवून ताडून पाहावे. विकणाऱ्याशी आधीच बोलणे करून ठेवावे, की या रोलमध्ये दोष निघाला तर कॅमेरा परत घेतला जाईल. एका रोलचा व धुलाईचा खर्च हल्ली थोडा नाही, हे आम्ही जाणतो. आईवडिलांचे पैसे आहेत, म्हणूनच तो खर्च एकदा डोळसपणे करावा आणि पुढील दहा रोल वाचवावेत.

त्या विद्यार्थ्यास आमचे उत्तर असे आहे. ३८ ते ७०चा कॅमेरा हाती घे. आपल्या काकांना आणि दुकानदाराला दोन हातांच्या अंतराने उभे कर, आणि अर्धी कळ दाबून पाहा. ती कळ काकांचा चेहरा धरून ठेवते आहे, आणि हात भिंगाजवळ नेला की हिरवा दिवा लुकलुकतो आहे, असे दिसले तर तोच घे. नसेल तर दोन्ही ठेवून ये व आणखी काही महिने पैसे साठव. आणि घेतल्यावर पहिले खरे चित्र घरातील सर्वांत वडील माणसाचे काढ. त्याला सहज बसू दे, जवळ जा, त्याच्या डोळ्यांवर मध्य धर, मग कळ दाब.

आमचे ते पुसट चित्र आजीने टाकू दिले नाही. ते मूळ घरी देवघराच्या कपाटात आहे. दर चवथीला कोणीतरी ते बाहेर काढतो, आणि मुले विचारतात की यांत आजोबा कोणते. आम्ही बोटाने दाखवितो. बोटाने दाखवावे लागते, एवढेच दुःख आहे. आमच्या विद्यार्थ्यांवर ती पाळी येऊ नये, म्हणून हे लिहिले.